गार पाणी चालतं, पण आजारपणात नाही

मशीनमध्ये गार पाण्यात धुतलेले कपडे निर्जंतुक होतात का? निर्जंतुक नाही होत, पण रोजच्या कपड्यांना त्याची गरजही नसते. साबण घामाचा तेलकटपणा आणि मळ सोडवतो, त्याबरोबर बरेचसे जंतू वाहून जातात. मरत नाहीत, पण जातात. उरलेलं काम कडक ऊन करतं. म्हणून खरी पंचाईत पावसाळ्यात. जुलैत दोन दिवस दोरीवर दमट राहिलेला पंचा नाकाशी नेला की कुबट वास येतोच, कितीही पावडर घाला.

घरात कुणाला जुलाब-उलट्या किंवा खरूज असेल तर मात्र मी गार पाण्यावर अजिबात विसंबत नाही. चादरी, टॉवेल, आतले कपडे वेगळे काढून ६० अंशांवर लावते. खरजेचे किडे ५० अंशांच्या वर तग धरत नाहीत. गरम पाण्यात न चालणारे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान ३ दिवस बाजूला ठेवायचे. अंगावाचून ते किडे फार जगत नाहीत.

आणि कायम गार पाणीच वापरत असाल तर मशीनच्या दाराचं रबर एकदा ओढून बघा. घडीत काळा, बुळबुळीत थर दिसला तर महिन्यातून एकदा मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा.