हेल्वेटियाच्या तिकिटांवरचे फ्रेंच शब्द : ही तिकिटे गौरवाची की कामकाजाची?

प्रश्न – सांगलीकर

नमस्कार मंडळी. माझ्या आजोबांनी जमवलेल्या टपाल तिकिटांच्या वह्या सध्या मी नीट लावून ठेवत आहे. त्यांतल्या एका वहीत 'हेल्वेटिया' (म्हणजे स्वित्झर्लंड) असे नाव असलेली चौदा तिकिटे एकाच पानावर आहेत. तिकिटांवरची चित्रे नेहमीचीच, म्हणजे डोंगर, किल्ला, पूल अशी आहेत. परंतु प्रत्येक चित्रावर काळ्या शाईने फ्रेंच शब्द नंतर छापलेले दिसतात. काहींवर 'सोसिएते दे नासियों' (राष्ट्रसंघ), दोनांवर 'नासियों युनी' (संयुक्त राष्ट्रे) आणि एकावर जागतिक आरोग्य संघटनेचे फ्रेंच नाव आहे. पानाच्या डोक्यावर आजोबांनी 'संस्थांच्या गौरवार्थ' असे लिहिले आहे.

माझ्या शंका दोन आहेत. एखाद्या संस्थेचा गौरव करायचा, तर तिच्यासाठी वेगळे चित्र का काढले नाही, जुन्याच तिकिटावर नाव का छापले? आणि स्वित्झर्लंड संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला तो अगदी अलीकडे असे वाचल्याचे आठवते; मग इतक्या जुन्या तिकिटांवर संयुक्त राष्ट्रांचे नाव कसे?

प्रतिसाद १ – जुनी पाकिटे, पुणे

सांगलीकर, आजोबांनी ही तिकिटे एकत्र ठेवली हे अगदी योग्य केले. पानाचे शीर्षक मात्र बदलावे लागेल. ही गौरवाची तिकिटे नाहीत. ती त्या त्या संस्थेच्या कचेरीने स्वतःच्या पत्रांवर लावण्यासाठी काढलेली, आपल्याकडच्या 'सर्व्हिस' तिकिटांसारखी कामकाजाची तिकिटे आहेत. जिनिव्हातल्या सामान्य नागरिकाला ती आपल्या पत्रावर लावता येत नसत.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय जिनिव्हात आले. संघाच्या सचिवालयातून जगभर पत्रे जाऊ लागली, तेव्हा स्विस टपाल खात्याने 1922 मध्ये त्या वेळी चलनात असलेल्या आपल्याच तिकिटांवर संघाचे नाव छापून ती सचिवालयाला द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयासाठी तशीच छपाई झाली. चित्र नवे न काढण्याचे कारण एवढेच की ही टपालाच्या हिशेबाची सोय होती, समारंभ नव्हता. संस्थेची पत्रे कोणती आणि खासगी कोणती हे तिकीट पाहताच कळावे, इतकाच तिचा हेतू.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही यादी भराभर वाढली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना 7 एप्रिल 1948 रोजी अमलात आली आणि त्याच वर्षापासून तिच्या नावाची छपाई दिसते. 1950 मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे युरोपीय कार्यालय यांची भर पडली. आपल्या पानावरची पुलाची तिकिटे 1949 च्या मालिकेतली असावीत; पूल, रेल्वे आणि विजेच्या तारा असे विषय असलेली ती मालिका आहे. किल्ल्याचे तिकीट 1936 च्या मालिकेतले 10 सेंटिमचे (सेंटिम म्हणजे स्विस फ्रँकचा शंभरावा भाग) असेल, तर तो जिनिव्हा सरोवराच्या काठचा शियों किल्ला होय.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मला या संपूर्ण विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. स्वित्झर्लंड 1920 मध्ये जनमत घेऊन राष्ट्रसंघात सामील झाला होता, परंतु संयुक्त राष्ट्रांपासून तटस्थतेच्या भूमिकेमुळे तो पुढची अनेक दशके दूर राहिला आणि 2002 मध्ये, पुन्हा जनमत घेऊनच, त्यांचा सदस्य झाला. म्हणजे 1950 साली जो देश संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासाठी तिकिटे छापत होता, तो स्वतः त्या संघटनेचा सदस्य नव्हता आणि पुढे बावन्न वर्षे झाला नाही. ही तिकिटे सदस्यत्वाची खूण नाहीत. ती यजमानपणाची खूण आहेत.

प्रतिसाद २ – रविवारचा बाजार, नाशिक

वरील माहितीत थोडी भर घालतो. 'गौरव' आणि 'कामकाज' हा भेद 1950 पर्यंत अगदी स्पष्ट आहे, परंतु त्यानंतर तो पुसट होत जातो. हळूहळू या संस्थांना ओव्हरप्रिंटऐवजी (म्हणजे जुन्या तिकिटावर नंतर छापलेल्या मजकुराऐवजी) स्वतंत्र चित्रांची तिकिटे मिळू लागली: 1956 पासून जागतिक हवामान संघटना, 1957 पासून जागतिक टपाल संघ, 1958 पासून दूरसंचार संघ. तिकीट कार्यालयाच्या पत्रावरच लावायचे, पण चित्र मात्र त्या संस्थेच्या कार्याचे. अशा तिकिटाला केवळ कामकाजाचे म्हणणे मला अपुरे वाटते.

संयुक्त राष्ट्रांपुरती ही व्यवस्था 1969 मध्ये संपली. त्या वर्षी 4 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या टपाल प्रशासनाने जिनिव्हासाठी स्वतःची तिकिटे काढली. त्यांची किंमत स्विस फ्रँकमध्ये असते आणि ती जिनिव्हातल्या 'पाले दे नासियों' या इमारतीतून टाकलेल्या पत्रांवरच चालतात. आजोबांच्या वहीत 'हेल्वेटिया' हे नाव नसलेले, पण फ्रँकमधले संयुक्त राष्ट्रांचे तिकीट सापडले, तर ते या नंतरच्या काळातले समजावे.

आपल्याला खरोखर गौरवाची तिकिटे हवी असतील, तर स्विस टपाल खात्याने सर्व जनतेसाठी काढलेली तिकिटे पाहा. त्या देशाचे पहिले स्मारक तिकीट राजासाठी किंवा सेनापतीसाठी निघालेले नाही. ते 1900 मध्ये जागतिक टपाल संघाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त निघाले. संघाची स्थापना 9 ऑक्टोबर 1874 रोजी बर्नमध्ये झाली आणि भारत त्यात 1 जुलै 1876 रोजी सामील झाला. संघाला 75 वर्षे झाली तेव्हा, म्हणजे 1949 मध्ये, आपल्या टपाल खात्यानेही चार तिकिटे काढली होती. 1932 च्या निःशस्त्रीकरण परिषदेसाठीची स्विस तिकिटे मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहेत. मोडलेल्या तलवारीवर बसलेले कबुतर एवढेच त्यांचे चित्र. पुढे काय घडले हे आपल्याला ठाऊक असल्याने ते पाहताना मन जड होते.

प्रतिसाद ३ – लिफाफा, ठाणे

ओव्हरप्रिंटच्या तिकिटांत नकली छपाई फार असते, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. साध्या, स्वस्त तिकिटावर काळ्या अक्षरांचा मजकूर छापणे कठीण नसते. आपली तिकिटे वापरलेली असतील, तर चांगल्या भिंगाखाली टपालाचा शिक्का आणि छापील अक्षरे जिथे एकमेकांना छेदतात ती जागा पाहा. छापील अक्षरांची शाई शिक्क्याच्या वर चढलेली दिसली, तर छपाई नंतर केलेली आहे हे उघड आहे. शिक्का असूनही मागचा डिंक शाबूत असेल, तर तिकीट पत्रावर न लावता संग्राहकांसाठीच शिक्का मारून दिलेले असते. तो दोष नाही, मात्र त्याची नोंद करावी. आणि कृपया ही तिकिटे जुन्या पानावरून सुटी करण्यासाठी पाण्यात घालू नका.

ताज्या विषयाशी थेट नाते असलेली आपल्या देशाची तिकिटेही सांगतो. कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय तुकडीसाठी 1953 मध्ये आपल्या चालू मालिकेवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असा देवनागरी मजकूर छापला गेला. त्या मालिकेत तीन पैचे तिकीट अजिंठ्याचे आणि नऊ पैचे घारापुरीच्या त्रिमूर्तीचे आहे. पुढच्या वर्षी कंबोडिया, लाओस व व्हिएतनाम येथील आंतरराष्ट्रीय आयोगांसाठी तशीच छपाई झाली. आजोबांच्या वहीत ही असतील, तर त्यांची जागा स्विस तिकिटांच्या शेजारीच आहे असे मला वाटते.

सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसलो. चौदांपैकी अकरा तिकिटांवर शिक्का स्पष्टपणे छापील अक्षरांच्या वर आहे. दोनांचे निश्चित सांगता येत नाही, आणि एकावर शिक्काच नाही. किल्ल्याचे तिकीट 10 सेंटिमचेच निघाले. आजोबांनी लिहिलेले शीर्षक मी खोडले नाही, त्याखाली पेन्सिलीने 'कार्यालयीन वापर, 1922 पासून' असे लिहिले. भारताच्या वहीत मागच्या बाजूला त्रिमूर्तीचे एक नऊ पैचे तिकीट आहे आणि त्यावर देवनागरीत 'कोरिया' हा शब्द वाचता येतो. इतकी वर्षे तो मला कुणीतरी मारलेला रबरी शिक्का वाटत होता.