विषय: दहिवडीजवळची चार एकर

मंडळी, नमस्कार.
मी परदेशात असतो. गावाकडे दहिवडीजवळ चार एकर माळरान मिळतंय. मावसभाऊ म्हणतो, जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी पोचलं की भाव कुठल्या कुठे जाईल. पाडव्याच्या आत इसार द्यायचाय. पंधरा-वीस वर्षं नुसती ठेवायची आहे. कुणी असा व्यवहार केलाय का?
– समीर

समीर,
इसार देऊ नकोस. तुझा पासपोर्ट भारतीय असो की तू ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा) असशील, परदेशात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम आहे. कुसळाशिवाय काही उगवत नसलं तरी सातबाऱ्यावर ती शेतीच. वर आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहेच. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. रीतसर बिनशेती (एनए) झालेला प्लॉट मात्र घेता येतो. 'एनए होणारच आहे' म्हणजे झालेला नव्हे.

मावसभावाच्या नावावर घेऊ, हे मनात आलंच असेल. बेनामी कायदा राहू दे, उद्या त्याच्या वारसांकडे तू काय म्हणून जाणार?

आणि पाण्याचं म्हणशील, तर कृष्णेचं पाणी पंपाने उचलून दहिवडीकडे, माण तालुक्यात न्यायचंय. वीजबिल थकलं की पंप बंद. त्यात कालवा आपल्या रानाच्या वरून जातो की खालून, हे भाऊ सांगत नाही.

नुसती ठेवलेली जमीन कशी असते ते सांगतो. खटावला आमची वडिलोपार्जित तीन एकर. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास (सरी) आमच्या हद्दीत घ्यायचा. मोजणी आणली, तर हद्दीचा दगड त्याच्या ज्वारीत आठ पावलं आत निघाला. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून होता. कर्ज आजोबांनीच फेडलेलं!

वारशाने आलेली ठेवता येते, म्हणून तर मी भांडत बसलोय. तुमचं काही नाही का तिकडे?
– विलासकाका

काका,
बरं झालं विचारलं. वाईकडे आजोळच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे म्हणे.
– समीर

'म्हणे' नको. गट नंबर घे, सरकारच्या महाभूलेख साइटवर बघ. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. फेरफारही (नावं कशी बदलली त्याची नोंद) काढ. आणि आईला विचार, भावांना हक्कसोडपत्र करून दिलं होतं का?
– विलासकाका

काका, आत्ताच फोन केला. म्हणाली, "कसल्याशा कागदावर सही केली होती बाई. वहिनीने पैठणी नेसवली होती त्या दिवशी."
– समीर