पळताना दर वेळी डाव्याच पोटरीत गोळा येतो, कारण कसं शोधायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलंय, पण अर्धवट माहितीवर कुणी नीट सांगू शकणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मी ४३ वर्षांची, मुलुंडला राहते. सहा वर्षं पळतेय. अर्ध मॅरेथॉन बऱ्याच झाल्या, पूर्ण ४२ किलोमीटरच्या दोन: मुंबई मॅरेथॉन, जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२५. दोन्ही वेळा पायात गोळा आला, दोन्ही वेळा डाव्या पोटरीत. मधे ऑगस्टमध्ये एक अर्ध मॅरेथॉन केली, तिच्यातही अठराव्या किलोमीटरला तेच झालं.

२०२४ चं सांगते. परतीच्या वाटेवर हाजीअली जवळ आलं होतं. पोटरीत आधी बारीक फुरफुर सुरू झाली, कातडीखाली काहीतरी वळवळतंय अशी. तीन-चारशे मीटर तेवढंच. मग एक पाऊल टाकलं आणि पोटरी एकदम आवळली. खाली पाहिलं तर आतल्या बाजूला लिंबाएवढा गोळा वर आलेला, बोटाने दाबला तर दगड. पायाचा पंजा आपोआप खाली ताणला गेलेला, टाच टेकेना. कडेला उभ्या असलेल्या एका स्वयंसेवक मुलाने मला फुटपाथवर बसवलं, गुडघा सरळ ठेवून पंजा माझ्याकडे दाबून धरला, तेव्हा मिनिटभराने सुटला. पुन्हा पळायला लागले की पुन्हा फुरफुर. पेडर रोडची चढण मी चालत काढली. त्या रात्री झोपेतही दोनदा गोळा आला, तोही डावीकडेच.

आता आतापर्यंत काय काय केलंय ते.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो मिठाचा. माझ्या काळ्या टोपीवर पळून आल्यावर पांढरी नक्षी उमटते, त्यामुळे मीही मिठाच्याच बाजूने होते. ओआरएस झालं, मिठाच्या गोळ्या झाल्या, रात्री मॅग्नेशियम झालं, रोज केळं झालं. घामाचा हिशोबही केला. दोन तासांच्या पळण्याआधी वजन ५८.४, नंतर ५६.९, मधे ७०० मिली पाणी प्यायले होते. म्हणजे घाम २.२ लिटर, तासाला साधारण १.१. त्याप्रमाणे पिण्याचं गणित बसवलं आणि २०२५ ला भीतीपोटी त्याहून जास्तच प्यायले, जवळजवळ प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून. तरी गोळा आला, उलट आधीच्या वर्षापेक्षा लवकर, एकतिसाव्यालाच.

रक्त तपासलं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ठीक. बी १२ ठीक. ड जीवनसत्त्व १४ निघालं, आठवडे आठ दर रविवारी पुडी घेतली, आता ३८ आहे. गोळ्यांवर (पोटरीतल्या) काडीचा फरक नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, या वयात इतकं पळायचं कशाला?" मला त्याचं फार वाईट वाटलं. पळणं सोडायचं असतं तर मी त्यांच्याकडे गेलेच नसते.

मग स्वतः वाचायला लागले. मिठाची गोष्ट जुनी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी जहाजांच्या बॉयलरपाशी कोळसा टाकणारे आणि खोल खाणींत काम करणारे कामगार तासन् तास घाम गाळून नुसतं पाणी प्यायचे, त्यांना भयंकर पेटके यायचे आणि पाण्यात मीठ घातलं की थांबायचे. ते खरंच होतं. पण १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं मांडलं: थकलेल्या स्नायूला 'आवळ' सांगणारे संदेश वाढतात आणि 'सैल हो' सांगणारे कमी पडतात, त्यातून पेटका येतो. पुढे २०११ मध्ये त्यांनी आयर्नमॅनच्या (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग लांब पल्ल्याची स्पर्धा) २१० स्पर्धकांचा अभ्यास छापला. पेटके आलेल्यांत आणि न आलेल्यांत पाण्याच्या कमतरतेने किंवा सोडियमने फरक पडलेला दिसला नाही. फरक होता तो वेगात, आणि आधी कधी पेटके आले होते का यात.

हे वाचलं आणि माझ्याच सरावाच्या वहीकडे नव्याने पाहिलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलुंड-ठाणे सर्व्हिस रोडने मी ३० किलोमीटर केलेत, टी-शर्ट पिळला तर धार लागेल इतका घाम, आणि एकदाही गोळा नाही. येऊरच्या चढावर नाही. जानेवारीच्या गार पहाटे मात्र येतो! सरावात माझा वेग किलोमीटरला ७:१० मिनिटं असतो. स्पर्धेत पहिले २१ किलोमीटर २ तास १२ मिनिटांत, म्हणजे ६:१५ ने. इतका वेळ या वेगाने मी सरावात कधीच पळलेली नाही.

आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. मीठ कमी पडलं तर सगळ्या अंगाला कमी पडेल. रक्त तर दोन्ही पायांना एकच. मग उजवी पोटरी गप्प, मांड्या गप्प, आणि तिन्ही वेळा डावी पोटरीच का?

म्हणून विचारते. एकाच पायात असं कुणाला होतं का, आणि शेवटी कारण काय निघालं? आता कुणाकडे जावं, हाडांच्या डॉक्टरांकडे, मज्जासंस्थेच्या, की फिजिओकडे? उगाच महागड्या तपासण्यांची रांग लावायची नाहीये, पण जी लागेल ती करायची तयारी आहे. उपाय नंतर, आधी कारण कळू दे.

प्रतिसाद, बोरिवलीकर:

ताई, तुमचं वेगाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी नॅशनल पार्कात पळतो, मलाही दोन वर्षं मांडीच्या मागे यायचे. माझी चूक हीच होती, सगळे लांब पल्ले आरामात आणि स्पर्धेच्या दिवशी एकदम उसळी. लांब पल्ल्याचे शेवटचे ८-१० किलोमीटर स्पर्धेच्या वेगाने करायला लागलो, कान्हेरीच्या चढावर आठवड्यातून एकदा जायला लागलो. पेटके बंद झाले असं नाही म्हणणार, पण अठ्ठाविसाव्याऐवजी अडतिसाव्याला यायला लागले आणि गेल्या वर्षी आले नाहीत.

फुरफुर सुरू झाली की तिथेच थांबून पोटरी ताणा, आवळण्याची वाट पाहू नका. आणि एक सांगतो, खारातल्या कैरीचं पाणी छोट्या बाटलीत ठेवा. परदेशात खारवलेल्या काकडीच्या पाण्यावर २०१० मध्ये प्रयोग झालाय. मुद्दाम वीज देऊन आणलेला पेटका त्या पाण्याने दीड मिनिटाच्या आत सुटला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. इतक्या वेळात मीठ रक्तात पोचतच नाही, म्हणजे घशाला लागणाऱ्या आंबट-खारट झटक्यानेच मज्जातंतू शांत होत असावेत. आपलं तेलातलं लोणचं नको, पोट बिघडेल.

प्रतिसाद, ठाण्याची फिजिओ:

रक्त दोन्ही पायांना एकच, या तुमच्या वाक्यावरच मी इथे लिहायला बसले. एकाच बाजूला, एकाच स्नायूत वारंवार येत असेल तर आधी तो पाय पाहायचा.

घरी एक चाचणी करा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहा, भिंतीला फक्त दोन बोटं टेकवा. गुडघा सरळ. दोन सेकंदाला एक या लयीत टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. टाच पहिल्याइतकी वर जाईना की थांबा आणि आकडा लिहा. आधी उजवा, मग विश्रांती, मग डावा. दुसऱ्या दिवशी हेच गुडघा थोडा वाकवून करा, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि गुडघा वाकवला की काम खालच्या, खोलवरच्या स्नायूवर जास्त येतं.

आता माझे प्रश्न. डावा घोटा कधी मुरगळला होता का? कंबर दुखते का, कंबरेपासून पायात कळ येते का, तळव्याच्या बाहेरच्या कडेला मुंग्या किंवा बधिरपणा? पोटरीला ताकद देणारी नस कंबरेच्या मणक्यांच्या शेवटच्या टप्प्यातून निघते, तिच्यावर दाब असेल तर पोटरी लवकर थकते. आणि तिसरं, दुखणं दर वेळी ठरावीक अंतरावर सुरू होऊन पोटरी भरून आल्यासारखी घट्ट होते आणि थांबलं की काही मिनिटांत जातं, असं आहे का? तसं असेल तर तो पेटका नाही, स्नायूच्या आवरणात दाब वाढण्याचा किंवा गुडघ्यामागची रक्तवाहिनी दाबली जाण्याचा प्रकार असू शकतो आणि त्याचा रस्ता वेगळा. पण तुम्ही लिंबाएवढा गोळा हाताने चाचपलाय, म्हणून मला हा खरा पेटकाच वाटतो.

प्रतिसाद, निवृत्त डॉक्टर:

फिजिओबाईंशी सहमत. माझ्याकडून एवढीच भर की काही गोष्टी वगळल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, दम्याचे काही फवारे, यांनी पेटके येतात. यांतलं काही चालू आहे का? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तुमच्या यादीत दिसलं नाही. थायरॉइड मंद असेल तर स्नायू जड होतात, पेटके येतात, आणि या वयाच्या स्त्रियांत ते बरंच आढळतं. सोबत साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). सीके नावाची स्नायूंची तपासणी करणार असाल तर आधी आठवडाभर पळू नका, मॅरेथॉननंतर ते निरोगी माणसातही कित्येक दिवस चढलेलं असतं.

तुमच्या मॅग्नेशियमच्या रिपोर्टवर फार विसंबू नका, शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तात नसतो. पण म्हणून गोळ्या वाढवण्यातही अर्थ नाही. क्विनाइन (मलेरियावरचं जुनं औषध) कुणी पेटक्यांसाठी सुचवलं तर घेऊ नका, त्याने प्लेटलेट्स घसरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

आणि ताई, २०२५ ला जे भीतीपोटी पाणी प्यायलात ते पुन्हा करू नका, कळकळीने सांगतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी झालेलं होतं, आणि पळताना वजन वाढणं हे त्यातलं मोठं कारण होतं. तुमचा ताशी १.१ लिटर हा घामाचा आकडा आहे, तेवढं सगळं भरून काढायचं नसतं. तहान लागेल तसं प्या. स्पर्धेनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री डोळ्यांत पाणी आलं वाचताना, कारण पहिल्यांदा कुणी मला पळणं सोडा म्हटलं नाही.

औषध कुठलंच चालू नाही. टीएसएच, साखर, क्रिएटिनिनसाठी उद्या सकाळी रक्त देतेय. कंबर दुखत नाही, मुंग्या नाहीत. थांबल्यावर लगेच जात नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटरी ठणकते.

घोटा. हो. २०१८ मध्ये लोहगडाच्या पायऱ्या उतरताना डावा घोटा जोरात मुरगळला होता. फ्रॅक्चर नव्हतं, तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून घरात होते, सूज उतरली आणि विसरून गेले. व्यायाम कुणी सांगितले नाहीत, मीही विचारलं नाही. पळायला लागण्याच्या आधीची गोष्ट, त्यामुळे या सगळ्याशी तिचा संबंध लावायचं कधी डोक्यातच आलं नाही.

आज पहाटे बिल्डिंगच्या जिन्यात चाचणी केली. मुलगा मोबाईलवर दोन-दोन सेकंदांची टिकटिक लावून पायरीवर बसला होता आणि मोजत होता. उजवा पाय २६. पाच मिनिटं थांबून डावा. बाराव्यापासून टाच कमी वर जायला लागली, "आई, तू पुढे झुकतेयस," तो म्हणाला. पंधराव्याला थांबले. आणि थांबले तेव्हा पोटरीत तीच फुरफुर होती, हाजीअलीला होती तीच, आतल्या बाजूला, त्याच जागी. जिन्यात उभी, अंगावर घामाचा थेंब नाही!

मी मुलाला हात लावून पाहायला सांगितलं. त्यालाही बोटांखाली लागली.

फिजिओताई, गुडघा वाकवून उद्या करते आणि आकडे इथेच लिहिते. पण एक आजच विचारते. २६ आणि १५ मधला फरक भरायला किती महिने धरायचे, आणि तोपर्यंत लांब पल्ले चालू ठेवले तर चालतील का? जानेवारीचा अर्ज मी अजून भरलेला नाही, तुमच्या उत्तरावर ठरवेन.