मदत हवी आहे: खाऱ्या हवेत टिकेल अशी एकावर एक बसणारी टूलबॉक्स

नमस्कार मंडळी. मी वायरिंगची कामं घेतो, सध्या देवगड-मालवण पट्ट्यात साईट चालू आहेत. पत्र्याची पेटी दोन पावसाळ्यांतच कामातून गेली. बिजागरीपाशी पत्र्याचे पापुद्रे हाताने निघतात. परवा ड्रिलचे बिट काढले तर सगळ्यांवर तांबूस पूड! फार जीवाला लागलं, एकेक करून जमवलेली हत्यारं आहेत ती.

आता एकावर एक लॉक होणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या घ्यायच्या म्हणतोय. डिवॉल्टची टफसिस्टीम आयपी ६५ आहे, म्हणजे धूळ आत जात नाही, पाण्याचा फवाराही अडतो. पण झाकणाचं रबर उन्हात आणि सिमेंटच्या धुळीत किती टिकतं? कडीची पिन लोखंडी असेल तर गंज तिथूनच धरणार. शिवाय इतक्या घट्ट पेटीत ओलं हत्यार राहिलं तर दमटपणा आतच कोंडेल. सिलिका जेलच्या पुड्यांनी भागतं का?

चाकंही मोठी हवीत, लहान चाक चिऱ्यांच्या कपच्यांत अडकतं.

किनाऱ्यावर निदान दोन पावसाळे कोणी वापरली असेल तर कृपया सांगा. आणि रबर, कड्या सुट्या मिळतात का, रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात?