मदत हवी आहे : डायलेटेड कार्डिओमायोपथीची औषधे बरे वाटल्यावर बंद करता येतात का?

सिंहगडरोडकर : माझ्या धाकट्या भावाला डायलेटेड कार्डिओमायोपथी आहे, म्हणजे हृदय मोठे होऊन त्याचा स्नायू कमकुवत झाला आहे. आता त्याला जिने चढतानाही दम लागत नाही, त्यामुळे तो गोळ्या बंद करण्याचा हट्ट धरून बसला आहे. गोळ्या थांबवता येतात का, आणि या आजारावर मुळातून इलाज करणारे काही संशोधन चालू आहे का? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

मुठाकाठ : भावाचे वय, निदानाच्या वेळचे आणि आताचे इकोमधील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते ते, चालू असलेल्या गोळ्या आणि घरातील इतरांचे हृदयविकार, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उत्तर देणे धोक्याचे आहे.

पेठेतील काका : माझ्या दोन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज होते आणि स्टेंट टाकल्यावर मी पर्वती चढू लागलो. आधी अँजिओग्राफी करून घ्या.

सिंहगडरोडकर : काका, अँजिओग्राफी तेव्हाच झाली होती आणि ती स्वच्छ आहे. भाऊ 34 वर्षांचा आहे. पंपिंग 25 टक्के होते, ते आता 50 टक्के आहे. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, कार्वेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे.

निवृत्त परिचारिका : आपला प्रश्न घेऊनच लंडनमध्ये ट्रेड-एचएफ नावाचा अभ्यास झाला आणि 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातील 51 रुग्णांना पूर्वी हाच आजार होता, परंतु त्या वेळी कोणतीही लक्षणे नव्हती आणि पंपिंग 50 टक्क्यांवर आले होते. त्यांपैकी 25 जणांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी केली, तेव्हा सहा महिन्यांत 11 जणांचा आजार उलटला. औषधे चालू ठेवलेल्या गटात त्या काळात एकाचाही उलटला नाही. भावाचे हृदय गोळ्यांच्या आधाराने सावरले आहे, ते बरे झाले आहे असे समजू नये, हे त्याला अवश्य सांगा.

वनौषधीप्रेमी : एवढ्याशा अभ्यासावरून आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, हे मला पटत नाही. माझ्या साडूंनी अर्जुनसालीचा काढा सुरू केला आणि हळूहळू सर्व औषधे सोडली.

निवृत्त परिचारिका : अभ्यास लहान होता, हे मान्य आहे. मात्र त्या रुग्णांवर सतत लक्ष असल्यामुळे बिघाड लगेच ध्यानात आला आणि औषधे पुन्हा सुरू करता आली. घरच्या घरी गोळ्या सोडणाऱ्याला ती सोय नसते. काढा घ्यायचाच असेल, तर तोही डॉक्टरांना सांगून घ्यावा, कारण या गोळ्यांनी रक्तदाब आधीच उतरलेला असतो.

हडपसरवासी : गोळ्यांचा वाद घालण्यापेक्षा एआयसीडी, म्हणजे घातक ठोके पडल्यास झटका देऊन हृदय सावरणारे यंत्र, बसवून घ्या. माझ्या यजमानांना बसवले आहे.

मुठाकाठ : ताई, पंपिंग 50 टक्के असताना सरसकट ते यंत्र बसवत नाहीत. ब्लॉकेज नसलेल्या रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या 2016 च्या अभ्यासात यंत्रामुळे अचानक होणारे मृत्यू निम्म्यावर आले, तरी एकूण मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. अपवाद काही जनुकदोषांचा आहे. लॅमिन जनुकात दोष असेल, तर पंपिंग फारसे घसरण्याआधीही घातक ठोके पडू शकतात. म्हणूनच मी घरातील हृदयविकार विचारले होते आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

सिंहगडरोडकर : आमचे वडील चाळिशीत अचानक गेले. सगळे अटॅक म्हणाले. पण ते वेगळे प्रकरण आहे. संशोधनाबद्दल कोणी सांगेल का?

मुठाकाठ : ते वेगळे असेलच असे नाही, आणि डॉक्टरांना सर्वांत आधी हेच सांगा. या आजारात टायटिन जनुकातील दोष सर्वाधिक आढळतात, आणि असे दोष पालकांकडून मुलांकडे जाण्याची शक्यता साधारण निम्मी असते. संशोधनही आता जनुकागणिक वेगळे होत आहे. लॅमिनदोषावरील एका गोळीची मोठी चाचणी 2022 मध्ये परिणाम दिसत नसल्यामुळे थांबवावी लागली. आरबीएम20 जनुकातील दोष दुरुस्त करण्याचे प्रयोग उंदरांत यशस्वी झाले आहेत, पण त्यातून रुग्णाला देता येईल असा उपचार अद्याप आलेला नाही. आपला स्वतःचा इको झाला आहे का?

सिंहगडरोडकर : नाही, मला काहीच त्रास नाही. जनुकतपासणी आम्हा दोघांचीही करावी लागेल का?

निवृत्त परिचारिका : आधी भावाची करतात. त्यात दोष सापडला, तर आपल्या रक्तात केवळ तोच शोधायचा असतो, त्यामुळे खर्च कमी येतो. मात्र आपला इको आणि ईसीजी त्या अहवालाची वाट न पाहता करून घ्या, कारण सुरुवातीला या आजारात त्रास जाणवतोच असे नाही.