मदत हवी आहे: २० महिन्यांच्या लेकीचं अंगावरचं दूध आत्ताच सोडवू का?

लेक २० महिन्यांची आहे. मी ऑफिसात असते तेव्हा तिचं काही अडत नाही. वरण-भात, केळं, आजीच्या ताटातला झुणका, सगळं चालतं. पण मी दारात चपला काढतेय तोवर "दुदू!" आणि पर्स खांद्यावरून उतरायच्या आत कुर्त्याला हात. रात्री तीन-चारदा उठते. पिताना माझं मंगळसूत्र बोटाला गुंडाळत राहते, सकाळी माझ्या मानेवर वळ.

२६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा वाटलं होतं, आता आपोआप सुटेल. सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पण आता झोपेचं पार खोबरं झालंय, आणि पुढच्या महिन्यात बाहेरगावी पाच दिवसांचं ट्रेनिंग आहे.

सासूबाई म्हणतात, कडुनिंब लाव, दोन दिवसांत विसरेल. आई म्हणते, तू तीन वर्षं प्यायलीस, काय बिघडलं? परवा सासूबाईंच्या आग्रहाखातर कोरफड लावली. बाईसाहेबांनी तोंड वाकडं केलं, जाऊन स्वतःचा रुमाल आणला, नीट पुसलं आणि पुन्हा प्यायला बसल्या. आधी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

ट्रेनिंगच्या आत पूर्ण सोडवावं का? नुसतं रात्रीचं बंद करता येतं का? आणि पाच दिवस माझ्या छातीचं काय? "वर्षानंतर त्यात नुसतं पाणीच असतं" हे कृपया नको, घरी रोज ऐकते.

रानजाई:
पाणीबिणी काही नसतं गं. सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या जेवणासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पण तुला नकोसं झालं असेल तर आत्ता सोडवणं हाही काही गुन्हा नाही.

एकदम मात्र तोडू नकोस. थोरल्याच्या वेळी मी त्याला आजीकडे ठेवून चार दिवस गायब झाले होते. तिसऱ्या दिवशी छाती दगड, एका बाजूला लालभडक गाठ, थंडी वाजून ताप, शेवटी अँटिबायोटिक. धाकटीच्या वेळी शहाणी झाले. एक वेळ बंद केली की चार-पाच दिवस थांबायचं, मग पुढची. संध्याकाळी घरी आल्याआल्या कडेवर घेऊन खाली फिरायला ने, हातात खाऊ दे. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. ती आजारी असेल किंवा दाढा येत असतील तर ते दिवस सोडून दे.

ट्रेनिंगला छाती भरून आली की हाताने थोडंसं काढ, हलकं वाटेपर्यंतच. पूर्ण रिकामी केलीस तर दूध आणखी येत राहील. थंड पाण्याची घडी ठेव. गाठ, लाली, ताप दिसला तर डॉक्टर गाठ, घरगुती प्रयोग नकोत. आणि परत आल्यावर ती प्यायला लागली तर लागू दे, त्यात हरण्यासारखं काही नाही.

दोन_बाबा_एक_चहा:
रात्रीचं खातं बाबाकडे द्या. आमच्याकडे बायको दुसऱ्या खोलीत झोपली. पहिल्या तीन रात्री मी पोराला घेऊन गॅलरीतून रिक्षा मोजल्या. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, सगळं बरं आहे ना? चौथ्या रात्री तो फुलपात्रातून दोन घोट पाणी पिऊन झोपला.

एक चूक आम्ही केली. अंगावरचं कमी झालं म्हणून गाईचं दूध बाटलीने मागेल तितकं देत राहिलो. जेवण बंद, हिमोग्लोबिन खाली. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला दोन कपांच्या आत, तेही बाटलीने नाही, कपाने.

धागाकर्ती:
दोघांनाही धन्यवाद. आत्ता फक्त रात्रीचं बंद करतेय, बाकीचं ट्रेनिंगनंतर बघू. शुक्रवारपासून सुरू, दुसरा शनिवार आहे. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो रिक्षांवरच अडकलाय, कारण आमच्या गॅलरीतून फक्त गटार दिसतं.

एक शेवटचं: जाताना काळ्या मण्यांची खोटी पोत घरी ठेवून जाऊ का, बोटाला गुंडाळायला? की एवढ्या लहान मुलांच्या हातात मणी नकोच?

रानजाई:
मणी नकोच, तुटले की थेट तोंडात जातात. तुझी वापरलेली, न धुतलेली ओढणी ठेव, आणि तीही कुणीतरी जवळ असतानाच हातात द्या.