आयओटी आधी प्रयोगशाळेत शिकवावे की वर्गात?

धागालेखक

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात आयओटी (इंटरनेटला जोडलेली सेन्सर आणि उपकरणे) हा विषय आला, परंतु तो शिकवण्याची पद्धत अजूनही थरांची आकृती, व्याख्या आणि सत्राच्या शेवटी उरकलेले प्रयोग अशीच आहे. माझे मत असे, की हा विषय पहिल्या आठवड्यापासून प्रयोगशाळेत शिकवावा आणि सिद्धान्त प्रयोगात पडलेल्या प्रश्नांच्या मागून यावा.

गेल्या सत्रात एका गटाने ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर जोडला. आकडे नीट येत होते, पण वाय-फाय सुरू करताच ते येईनासे झाले. मुलांनी प्रोग्राम तपासला, वायरी बदलल्या, सेन्सरही बदलून पाहिला. अखेर डेटाशीट (चिपचे माहितीपत्रक) उघडल्यावर उलगडा झाला: या चिपमधील दुसरा एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वाय-फायलाही लागतो, त्यामुळे वाय-फाय चालू असताना त्याच्या पिनांवरचे वाचन भरवशाचे राहत नाही. वायर पहिल्या एडीसीच्या पिनेवर नेली आणि काम झाले. दोन तास गेले खरे. परंतु एकच साधन दोन कामांत वाटलेले असते म्हणजे काय, हे मला त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

प्रतिसाद १

आपले उदाहरण बोलके आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. त्या दोन तासांत विद्यार्थी एका विशिष्ट चिपची खोड शिकले. तिच्याआधीची ईएसपी-८२६६ ही चिप २०१४ च्या सुमारास आली, ईएसपी-३२ २०१६ मध्ये. बोर्ड असेच बदलत राहणार. याउलट एमक्यूटीटी हा उपकरणांमधील संदेशांचा प्रोटोकॉल १९९९ मध्ये, तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती महागड्या उपग्रह-जोडणीवरून आणण्यासाठी तयार झाला आणि आजही वापरात आहे, कारण त्यामागचा विचार पक्का आहे.

हा विचार हात चालवून आपोआप कळत नाही. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ या हमीच्या पातळीमध्ये संदेश किमान एकदा पोहोचण्याची हमी असते, म्हणजेच तो दोनदाही पोहोचू शकतो. संदेश ‘पंपाची स्थिती उलटी करा’ असा असेल, तर पंप सुरू होऊन लगेच बंद पडेल. म्हणून आज्ञा ‘पंप सुरू करा’ अशीच हवी. प्रयोगशाळेतील चांगल्या नेटवर्कवर ही चूक सहसा दिसतच नाही, आणि लायब्ररीतील नमुना प्रोग्राम उतरवून घेतलेला विद्यार्थी ती तशीच पुढे नेतो.

प्रतिसाद २

माझ्या अनुभवात खरी अडचण किटची आहे. सहा जणांत एक बोर्ड असला की एक जण जोडणी करतो आणि पाच जण बघतात. बोर्ड संगणकाच्या पडद्यावरच चालवून दाखवणाऱ्या वोक्वीसारख्या सिम्युलेटरवर प्रत्येकाचा हात चालतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

धागालेखक

प्रतिसाद २ यांची सूचना पहिल्या दोन आठवड्यांसाठी मला मान्य आहे, त्यापुढे नाही. वाय-फायवरून माहिती पाठवताना चिप क्षणभर काहीशे मिलिअँपिअर प्रवाह ओढते, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडते आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. सिम्युलेटरमध्ये ती केबलच नसते.

पंपाचा मुद्दा मात्र रास्त आहे आणि माझ्या प्रयोगांत तो नव्हता. तरीही तो प्रयोगशाळेत दाखवता येतो: पाठवणारे उपकरण आणि ब्रोकर (संदेश घेऊन पुढे देणारा सर्व्हर) यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवून संदेश मिळाल्याची पोच अडवावी आणि जोडणी तोडावी. सेशन (आधीच्या जोडणीची नोंद) टिकवलेले असेल, तर जोडणी परत येताच तोच संदेश पुन्हा जातो.

सुरक्षेचेही तसेच आहे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि मुले ते लिहून घेत. या वर्षी त्यांनी नेटवर्कवरची माहिती दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये एमक्यूटीटीच्या विनाकूट १८८३ पोर्टवरचे पॅकेट पकडले आणि स्वतःचाच पासवर्ड उघडा वाचला. टीएलएस (जोडणीवरची माहिती कूटबद्ध करण्याची पद्धत) कसे लावायचे, हे त्याच दिवशी त्यांनी आपणहून विचारले.

प्रतिसाद १

पोच अडवण्याचा प्रयोग मी माझ्या प्रयोगवहीत घेईन. परंतु जोडणी तोडण्यापूर्वी आता काय घडेल आणि का, हे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून द्यावे, आणि ते लिहिता येईल इतके त्याला आधी वर्गात शिकवलेले असावे, हा आग्रह मी सोडणार नाही.